संत्र्याची फळगळ व संजीवके : काही विचार

विदर्भातील संत्रा-बागाईतदाराला आंबिया बहारात दोन वेळा धास्ती वाटते. फळे बोराएवढी असताना एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हात होणारी गळ ही पहिली, आणि फळ चांगले पोसल्यावर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होणारी गळ ही दुसरी. पहिल्या गळीने शेतकरी फारसा खचत नाही. फुले पुष्कळ आली तरी सर्वच टिकावयाची नाहीत, हे त्याला वाडवडिलांपासून ठाऊक आहे. दुसरी गळ मात्र जिव्हारी लागते. त्या वेळेपर्यंत खत, पाणी, फवारे व मजुरी यांवरील बहुतेक खर्च होऊन गेलेला असतो. व्यापाऱ्याशी बागेचा सौदा ठरलेला असतो किंवा ठरावयाचा असतो. अशा वेळी सकाळी बागेत जावे तो झाडाखाली हिरव्या-पिवळ्या फळांचा सडा पडलेला दिसतो.

मग तालुक्याच्या गावी दुकानावर गर्दी होते. आपण बागेत गेलो तरी पहिला प्रश्न असतो तो हाच, की “साहेब, कोणतं औषध मारू?” हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो अवेळी विचारला जातो, असे माझे स्पष्ट मत आहे. फळगळीवर संजीवकांची फवारणी उपयोगी पडते, यात शंका नाही. कृषि विद्यापीठाची तशी शिफारस आहे आणि मीही ती शेतकऱ्यांना सांगतो. परंतु संजीवक म्हणजे झाडाचे अन्न नव्हे, खत नव्हे व रोगावरचे औषधही नव्हे. तो एक निरोप आहे. फळ टिकवावे की सोडून द्यावे याचा निर्णय झाड घेत असते, आणि तो निर्णय आपल्या बाजूने वळविण्याकरिता आपण वरून तो निरोप पाठवितो. ज्या झाडाची मुळे कुजली आहेत, पाने झडली आहेत, त्याला असे कितीही निरोप पाठविले तरी ते ऐकण्याच्या स्थितीत नसते.

झाड हा निर्णय कसा घेते, हे गावपातळीवरील कार्यकर्त्याने नीट समजून घेतले पाहिजे. फळ देठापासून तुटते ते वाऱ्याने किंवा वजनाने तुटते अशी सर्वसाधारण समजूत आहे. वारा हे केवळ निमित्त होय. देठाच्या ठराविक जागी पेशींचा एक पातळ सांधा झाडाने आधीच राखून ठेवलेला असतो. वेळ आली म्हणजे या सांध्यातील पेशी विशिष्ट विकरे निर्माण करतात, ती विकरे पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारे द्रव्य विरघळवितात आणि सांधा सैल होतो. पिकलेले फळ किंवा पिवळे पान हातात सहज येते, ते याच कारणाने.

हा सांधा घट्ट ठेवणारे द्रव्य ते ऑक्झिन, आणि तो सैल करविणारे ते इथिलीन. कोवळे बी व वाढते फळ यांत ऑक्झिन तयार होऊन ते देठातून फांदीकडे सतत वाहत असते. हा प्रवाह अखंड आहे तोवर सांध्यातील पेशी इथिलीनला दाद देत नाहीत. बी नीट भरले नाही, फळाला पोषण कमी पडले, किडीने वा बुरशीने फळाला इजा झाली, की प्रवाह मंदावतो. आणि मग थोडेसे इथिलीनही पुरेसे होते.

इथिलीन हा वायू आहे, आणि त्याची ओळख आपल्या घराघरांत आहे. आंब्याची आढी घातली म्हणजे एखादा पिकलेला आंबा शेजारच्या आंब्यांना पिकवितो, तो याच वायूच्या योगाने. रशियातील नेल्युबोव्ह या शास्त्रज्ञाने दिव्याच्या गॅसमधील इथिलीनमुळे वाटाण्याच्या रोपांची वाढ विकृत होते, हे १९०१ साली दाखविले. पिकणारी फळे स्वतःच हा वायू तयार करतात, हे इंग्लंडमध्ये गेन यांनी १९३४ साली सिद्ध केले. ऑक्झिनचा फळगळीवर उपयोग त्यानंतर लवकरच झाला. १९३९ साली अमेरिकेच्या कृषि खात्यातील गार्डनर, मार्थ व बॅटजर यांनी नॅप्थॅलिन अॅसेटिक आम्लाचा फवारा देऊन सफरचंदाची तोडणीपूर्व गळ थांबविल्याचे प्रसिद्ध केले, आणि पुढे दहा वर्षांच्या आतच कॅलिफोर्नियात संत्रावर्गीय फळांवर २,४-डी याच कामाकरिता वापरले जाऊ लागले. आज आपण जी शिफारस करतो तिचा उगम तेथे आहे.

येथे एक गंमत नमूद करण्यासारखी आहे. १९६३ साली अॅडिकॉट व त्यांच्या सहकाऱ्यांनी कापसाच्या कोवळ्या, गळणाऱ्या बोंडांतून एक द्रव्य वेगळे केले. गळ घडवून आणणारे द्रव्य सापडले या समजुतीने त्याला दिलेल्या नावातूनच पुढे अॅबसिसिक आम्ल हे नाव रूढ झाले. पुढील संशोधनात असे दिसून आले, की सांधा प्रत्यक्ष सैल करण्याचे काम मुख्यतः इथिलीनचे असून, हे आम्ल झाडाला पाण्याचा ताण पडल्याची वर्दी देणारे आहे. नाव मात्र तेच राहिले. तथापि संत्र्याच्या दृष्टीने ही वर्दी क्षुल्लक नाही, कारण तिच्यामागून इथिलीन येते.

आता मुळांकडे वळू. माझ्या मते विदर्भातील भाद्रपदातल्या गळीचे बरेचसे रहस्य तेथे दडलेले आहे. १९७९ साली कॅलिफोर्नियात अॅडम्स व यांग यांनी इथिलीन ज्यापासून बनते ते पूर्वद्रव्य शोधून काढले. या पूर्वद्रव्याचे इथिलीन होण्यास प्राणवायू लागतो. जमिनीत पाणी तुंबले म्हणजे मुळांना प्राणवायू मिळत नाही. तेथे पूर्वद्रव्य साठत जाते, पण त्याचे इथिलीन होऊ शकत नाही. ते रसाबरोबर वर चढते, शेंड्याकडील भागात त्याला प्राणवायू मिळतो आणि तेथे इथिलीन तयार होते. टोमॅटोच्या झाडांवर हा प्रकार प्रयोगाने दाखविला गेला आहे. आपल्या भारी काळ्या जमिनीत, सलग आठ-दहा दिवस झड लागल्यावर व पाणी निघून जाण्यास चर नसताना, संत्र्याच्या मुळांची काय अवस्था होत असेल, याची यावरून कल्पना यावी. गळ दिसते फांदीवर, पण तिची सुरुवात दीड हात खोल चिखलात झालेली असते.

उन्हाळ्यातील गोष्ट याच्या उलट दिसते, पण मूळ तत्त्व तेच आहे. स्पेनमधील संशोधकांनी १९९६ साली क्लिओपात्रा जातीच्या संत्रावर्गीय रोपांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. रोपांना पाण्याचा तीव्र ताण दिला असता मुळांत प्रथम अॅबसिसिक आम्ल व नंतर इथिलीनचे पूर्वद्रव्य साठले. परंतु ताण चालू असेपर्यंत पाने गळली नाहीत. रोपांना पुन्हा पाणी दिल्यावर ते पूर्वद्रव्य वर चढले व मग पाने गळू लागली. प्रयोग रोपांवरचा व पानांचा आहे, हे खरे. पण वीज नाही म्हणून किंवा विहीर आटली म्हणून मे महिन्यात बाग पंधरा दिवस कोरडी राहिली आणि मग एकदम भरपूर पाणी दिले, तर पाणी दिल्यानंतरच गळ सुरू होते, हे अनेक जुने बागाईतदार सांगत आले आहेत. “पाणी दिलं अन् फळं पडली” या त्यांच्या तक्रारीला पूर्वी आम्ही लोक हसण्यावारी नेत असू. तिला आता प्रयोगशाळेचा आधार मिळाला आहे. ठिबकाने थोडे थोडे पण नियमित पाणी, आणि खंड पडलाच तर पुढचे पाणी बेताबेताने वाढवीत देणे, हा त्यातून निघणारा सरळ अर्थ होय.

पानांचे महत्त्वही असेच आहे. संत्र्याचे एक फळ पोसण्यास साधारणतः चाळीस निरोगी पाने लागतात, असे आपण शेतकऱ्यांना सांगत आलो आहोत. स्पेनमधीलच आणखी एका प्रयोगात, २००० साली प्रसिद्ध झालेल्या, संत्र्याच्या झाडांची पाने मुद्दाम काढून टाकण्यात आली. तेव्हा कोवळ्या फळांतील साखर कमी झाली, अॅबसिसिक आम्ल व इथिलीनचे पूर्वद्रव्य वाढले आणि फळे गळून गेली. झाड आपल्या शिलकेचा हिशेब पाहून खर्च कमी करते, असेच म्हणावयास हवे. काळ्या माशीच्या कोळशीने पाने काळवंडली आहेत, आतल्या सलांची छाटणी वर्षानुवर्षे झाली नाही, शेणखत नावालाच पडते, आणि फळे मात्र झाडाला हजारांनी धरली आहेत, अशा बागेत गळ होणे हे झाडाच्या दृष्टीने शहाणपणाचे लक्षण आहे. तेथे संजीवक मारून सगळी फळे टिकविण्याचा आग्रह धरणे म्हणजे दुबळ्या बैलाला पराणी टोचण्यासारखे आहे. क्षणभर तो ओढील; पण पुढच्या वर्षी काय?

म्हणून कार्यकर्त्याने बागेत गेल्यावर औषधाचे नाव सांगण्यापूर्वी खाली पडलेली दहा-वीस फळे उचलून पाहावीत. संत्र्याच्या देठाला दोन सांधे असतात. एक देठ जेथे फांदीला मिळतो तेथे, व दुसरा फळ जेथे टोपीला मिळते तेथे. लहान फळे पहिल्या सांध्यातून, म्हणजे देठासकट पडतात. फळ वाढले म्हणजे पहिला सांधा निकामी होतो व दुसरा कामास लागतो. त्यामुळे मोठे फळ पडताना टोपी झाडावरच राहते. फळाला बाहेरून कसलीही इजा नाही, तुटल्याची जागा स्वच्छ आहे व टोपी हिरवी आहे, तर गळ बहुधा झाडाच्या आतल्या कारणाने, म्हणजे संजीवकांचा तोल गेल्यामुळे झालेली आहे. टोपी व देठाजवळचा भाग काळा-तपकिरी पडला असेल तर बुरशीचा संशय घ्यावा. जमिनीलगतच्या फळांवर तपकिरी कूज व उग्र वास असेल, तर ती पावसाच्या शिंतोड्यांबरोबर मातीतून वर आलेली फायटोफ्थोरा बुरशी होय. हीच बुरशी मुळे कुजविते व बुंध्यावर डिंक्या आणते. फळावर टाचणी टोचल्यासारखे छिद्र व त्याभोवती मऊ पडलेले वर्तुळ दिसले, तर रस शोषणारा पतंग रात्री येऊन गेला आहे असे समजावे. त्याच्या अळ्या संत्र्यावर नव्हे, तर बांधावरील गुळवेल व वासनवेल यांवर वाढतात. तेव्हा बागेच्या आसपासचे हे वेल काढणे, पडलेली फळे पुरणे व संध्याकाळी धूर करणे हेच उपयोगाचे. पतंगाने पोखरलेले फळ २,४-डी मारून झाडाला चिकटून राहीलही कदाचित, पण ते बाजारात कोण घेणार?

फळे पाहून झाली की कुदळीने झाडाच्या घेराखाली वीतभर खणावे व तंतुमुळे पाहावीत. ती पांढरी, ताजी आहेत, की तपकिरी असून चिमटीत धरून ओढताच वरची साल सुटून येते? साल सुटत असेल तर त्या बागेत संजीवकाचा खर्च दुय्यम ठरतो. तेथे आधी ओळींमधून चर काढून पाणी बाहेर काढणे, बुंध्याला पाणी लागणार नाही असे दुहेरी आळे करणे, बुंध्यास बोर्डो मलम लावणे आणि मूळकुजीवर शिफारशीप्रमाणे उपाय करणे ही कामे करावीत.

मुळे ठीक आहेत, पाने समाधानकारक आहेत व तरीही गळ होत आहे, अशा बागेत संजीवकाचा खरा गुण दिसतो. शिफारस साधी आहे : २,४-डी किंवा जिब्रेलिक आम्ल, दोहोंपैकी कोणतेही एक, १.५ ग्रॅम व युरिया १ किलो, १०० लिटर पाण्यात. ही संजीवके पाण्यात नीट विरघळत नाहीत. ती आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून मग पाण्यात मिसळावीत. युरिया याकरिता, की पानांना थोडा नत्र मिळावा; निरोपाबरोबर शिदोरीही पाठविली, असे म्हणा. त्या त्या हंगामात विद्यापीठाची चालू शिफारस काय आहे व डब्यावरील लेबलात संत्र्याचे पीक नोंदलेले आहे किंवा नाही, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. फवारणी गळ ऐन भरात आल्यावर करण्यापेक्षा गळीच्या काळाच्या तोंडाशी करावी, कारण सैल झालेला सांधा कोणतेही संजीवक पुन्हा सांधू शकत नाही.

१.५ ग्रॅम या आकड्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण येथेच सर्वांत अधिक पैसा वाया जातो. १०० लिटर पाण्यात १.५ ग्रॅम म्हणजे दशलक्ष भागांत १५ भाग. हा हिशेब शुद्ध संजीवकाचा आहे. बाजारात जिब्रेलिक आम्लाची जी तयार द्रावणे मिळतात, त्यांपैकी काहींमध्ये त्याचे प्रमाण अवघे ०.००१ टक्का असते. म्हणजे दशलक्ष भागांत दहा भाग. अशी बाटली पाणी न घालता, जशीच्या तशी झाडावर ओतली तरी ती वरील शिफारशीपेक्षा सौम्यच ठरेल. मग पंपात चार झाकणे टाकून काय साधणार? तेव्हा बाटलीवरील चित्र व नाव यांपेक्षा कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेला टक्का वाचावयास शेतकऱ्याला शिकविणे, हे मी विस्तारकार्यातले मोठे काम समजतो. ज्या बाटलीवर घटक व प्रमाण छापलेलेच नाही, केवळ ‘टॉनिक’ असे लिहिले आहे, ती घेऊच नये.

याच्या उलट टोकाची घटनाही घडते. एका मात्रेने फळ टिकले तर दोन मात्रांनी अधिक टिकेल, असे मनुष्यस्वभावाला वाटते. ऑक्झिनच्या बाबतीत हे साफ खोटे आहे. ऑक्झिनची मात्रा फार झाली की झाड स्वतःच इथिलीन तयार करू लागते. फळबागांच्या देशांत नॅप्थॅलिन अॅसेटिक आम्ल लवकरच्या अवस्थेत मुद्दाम वापरून जादा फळे विरळ केली जातात. म्हणजे जे द्रव्य फळ धरून ठेवते, तेच वेळ व मात्रा बदलताच फळ पाडते. जिब्रेलिक आम्लाचाही असाच एक दोष ध्यानात ठेवावा. हिवाळ्यात, पुढील बहाराची फुलकळी ठरावयाच्या काळात ते फवारल्यास फुले कमी येतात. झाडावर उशिरापर्यंत राहिलेली फळे सांभाळण्याच्या नादात पुढचा आंबिया बहार गमावून बसण्याचा हा मार्ग आहे.

२,४-डीबद्दल आणखी एक इशारा द्यावासा वाटतो, आणि तो संत्र्यापेक्षा शेजाऱ्याच्या शेतासंबंधी आहे. हे द्रव्य मोठ्या मात्रेत रुंद पानांच्या तणांचा नाश करते. कपाशी त्याला इतकी हळवी आहे, की वाऱ्याबरोबर उडालेल्या तुषारांनीही तिची पाने चिरलेल्या भेंडीच्या पानांसारखी होतात व पातेगळ होते. वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड या भागांत संत्र्याच्या बांधाला लागून कपाशी नाही असे शिवार विरळा. म्हणून वारा पडलेला असताना सकाळीच फवारावे, कपाशी लागून असल्यास जिब्रेलिक आम्ल पसंत करावे, आणि २,४-डी वापरलेला पंप कपाशीवर मुळीच नेऊ नये. तणनाशक म्हणून मिळणारे मिश्रण अंदाजाने पातळ करून फळगळीवर वापरण्याचा उद्योग तर कोणीच करू नये. त्याची ताकद व स्वरूप वेगळे असते, आणि अंदाज चुकला तर कोवळी पालवी वाकडीतिकडी होऊन हिशेब झाडाकडूनच चुकता होतो.

काही कार्यकर्ते मला विचारतात, की शेतकरी पैसे खर्चावयास तयार असताना आपण त्याला फवारणीपासून का परावृत्त करावे? मी परावृत्त करीत नाही. माझे म्हणणे इतकेच, की ज्या बागेत पाच-सहाशे रुपयांच्या मजुरीत चर निघाला असता, तेथे चर न काढता तिसरी व चौथी फवारणी केली जाते, कारण फवारणी आज होते आणि चर उन्हाळ्यात काढावा लागतो. गळ थांबली तर श्रेय औषधाला मिळते. न थांबली तर औषध बदलले जाते. कारण मात्र जमिनीत तसेच राहते. शिवाय गळीला एक स्वाभाविक ओहोटी असते. दुर्बळ फळे पडून गेली, पाऊस उघडला, की गळ आपोआप कमी होते. त्या वेळी जी बाटली हाती असेल ती गुणकारी ठरते, आणि पुढच्या वर्षी गावभर तिचेच नाव होते.

खरेखोटे ओळखण्याचा उपाय फार सोपा आहे व त्याला खर्च नाही. फवारणी करताना एकाच ओळीतील, सारख्या वयाची व सारख्या बहराची पाच झाडे मुद्दाम न फवारता सोडावीत व त्यांच्या बुंध्यांना चुन्याचा पट्टा मारावा. त्यांच्या शेजारची फवारलेली पाच झाडे निवडावीत. फवारणीच्या दिवशी दोन्हीकडील खालची सर्व फळे उचलून जागा स्वच्छ करावी, आणि त्यानंतर दर आठवड्याला ठरलेल्या वारी पडलेली फळे मोजून वहीत मांडावीत. देठासह पडलेली, टोपी झाडावर ठेवून पडलेली, छिद्राची व कुजलेली अशी निरनिराळी. चार आठवडे हे काम करावे. कार्यकर्त्याने आपल्या गावातील निदान तीन बागांत असे टिपण ठेवविले, तर हंगामाच्या शेवटी गावच्या सभेत दुकानदाराच्या पत्रकाऐवजी ती वही उघडता येईल. मोजलेली फळे बागेत पडू न देता दोन हात खोल खड्ड्यात पुरून टाकावीत.